पावसाळा, सिलिकाची प्लेट आणि एक जांभळी पट्टी

पीएच.डी.च्या पहिल्या जुलैत माझे तीन आठवडे एका बोटभर पट्टीच्या मागे गेले.

काम सांगायला सोपं. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कॅन्सर. त्याच्या पेशींवर जीडी२ नावाचं ग्लायकोलिपिड भरपूर असतं: चरबीची शेपटी पेशीच्या आवरणात रुतलेली, साखरेची साखळी बाहेर डोकावणारी. निरोगी शरीरात ते मुख्यतः चेतापेशींवर, म्हणून खूण म्हणून कामाचं. पेशींतलं लिपिड क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये काढायचं, सिलिकाच्या प्लेटवर चढवून वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटं करायचं, रिसॉर्सिनॉल हे रंग आणणारं रसायन फवारून तापवायचं. जिथे सायलिक अ‍ॅसिड (जीडी२च्या साखळीतली एक साखर), तिथे निळी-जांभळी पट्टी.

माझ्या प्लेटवर उमटला तो फराटा. नखाने शाई ओढल्यासारखा. शेजारच्या लेनमध्ये विकत आणलेला शुद्ध जीडी२ होता, त्याचंही तेच! म्हणजे पेशी निर्दोष होत्या. परळमध्ये धो धो पाऊस, रात्री एसी बंद, आणि सिलिका ओल शोषून बसलेली. डेसिकेटर, म्हणजे प्लेट कोरड्या ठेवायचा डबा, उघडून पाहिला तर ओल टिपणारे निळे दाणे चक्क गुलाबी. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. दाणे ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळे केले. प्लेट ११० अंशांवर अर्धा तास ठेवायची, बाहेर काढली की गार होताच नमुना लावायचा, मध्ये चहाला जायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं.

पट्ट्या सुटल्या, पण आयोडीनच्या वाफेत वर टोकाशी एक आगंतुक डाग दिसायला लागला. दोन दिवस मी त्याला नवं लिपिड समजून मनातल्या मनात पेपर लिहीत होते. मग सीनियर दादा म्हणाले, "नुसतं सॉल्व्हंट चढवून बघ." बघितलं. डाग जागच्या जागी! क्लोरोफॉर्मने माझ्या प्लास्टिकच्या ट्यूबमधलं काहीतरी विरघळवून आणलं होतं. तेव्हापासून काच आणि टेफ्लॉनची झाकणं.

माझ्या गाइड मॅडमना एवढी घाई का, ते नंतर कळलं. जीडी२ला चिकटणाऱ्या डिनुटुक्सिमॅब या अँटीबॉडीला न्यूरोब्लास्टोमावरचं औषध म्हणून अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. ती देताना मुलांना जबर वेदना होतात, कारण वेदना वाहणाऱ्या नसांवरही हीच खूण असते. कुठल्या पेशीवर किती, हे मोजायचं ते यासाठी.

तिसऱ्या शुक्रवारी प्लेट तापताना काचेखाली आधी शुद्ध नमुन्याची पट्टी उमटली, मग तिच्याच रेषेत माझी, जरा फिकट. मोबाइलवर फोटो काढला आणि दादरला कल्याण फास्ट पकडायला पळाले.