पत्र्यावरच्या त्या रेघा

वाइड बेल्ट सँडर, म्हणजे रुंद अपघर्षक पट्ट्याने पत्रा घासणारं मशीन, निवडायला आम्हाला दोन आठवडे लागले, आणि तो बसवल्यानंतर विकण्याजोगा पत्रा बाहेर पडायला पाच. निवडीबद्दल सगळे विचारतात. त्या पाच आठवड्यांबद्दल मीच सांगतो, अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

काम साधं होतं. लेझरवर कापलेल्या स्टेनलेसच्या तुकड्यांची बर्र (कापताना कडेला उरलेले धारदार कंगोरे) काढायची आणि वर एकसारखी सरळ ग्रेन (बारीक समांतर रेघांची फिनिश) द्यायची. आधी हे हातातल्या ग्राइंडरवर चालायचं. दोन माणसांनी केलेले दोन तुकडे शेजारी ठेवले की फरक दिसायचाच. दोन हेडचं, म्हणजे रोल आणि त्यावर फिरणारा बेल्ट अशा दोन जोड्यांचं मशीन घेतलं. पहिल्या हेडला कडक रबराचा रोल आणि 120 ग्रिटचा बेल्ट (आकडा जितका मोठा, तितका बेल्ट बारीक), दुसऱ्याला मऊ रबराचा रोल आणि 180 चा. कडक रोल माल काढतो, मऊ रोल पृष्ठभागाशी जुळवून घेत रेघ नीट करतो. एक गैरसमज आमचाही होता, की बेल्टने कडही गोल होते. खरं म्हणजे बेल्ट वर आलेली बर्र कापतो, पण कड गोल करत नाही. हाताला न लागणारी कड हवी असेल तर ब्रशचं हेड लागतं. हे ऑर्डर देण्याआधी कळलं, नशीब.

ट्रायलला स्वतःचा माल न्या. विक्रेत्याकडचा नमुना पत्रा मोठा, सपाट आणि आज्ञाधारक असतो. आम्ही आमचा सगळ्यात छोटा तुकडा नेला आणि तो दाबाच्या दोन रोलरांच्या मधे सुटून फिरला. तुकडा हवेने खाली ओढून धरणाऱ्या व्हॅक्यूम टेबलचा पर्याय त्यामुळेच घेतला.

मशीन आलं, बसलं, वीज-हवा जोडली, बेल्ट चढला. पहिला पत्रा बाहेर आला. उजेडात तिरपा धरला आणि पोटात गोळा आला. ग्रेनला आडव्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सारख्या अंतरावर रेघा. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं. डोळ्याला मात्र दुसरं काही दिसत नव्हतं.

फोन केला. उत्तर: बेल्ट बदला. बदलला. रेघा तिथेच. पुन्हा फोन: व्हिडिओ पाठवा. पाठवला. चार दिवसांनी उत्तर: हवेचा दाब तपासा. तपासला, बरोबर होता. मग मशीनची लेव्हल. मग, आणि हे मी विसरणार नाही, ‘तुमचा पत्राच वाकडा असेल.’ प्रत्येक उत्तरामागे चार-पाच दिवस, आणि प्रत्येक वेळी फोनवर नवा माणूस, ज्याला गोष्ट पहिल्यापासून सांगायची. तिसरा बेल्ट फाडून झाल्यावर मी फोन करणं थांबवलं आणि व्हर्नियर घेतला.

जे त्यांनी पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते हे. आधी एकेक हेड वेगळं चालवलं. पहिल्या हेडखालून पत्रा स्वच्छ, दुसऱ्याखालून रेघा. मग दहा रेघांमधलं अंतर मोजलं: 33 मिलिमीटर. म्हणजे रेघ दर 3.3 मिलिमीटरवर. फीड, म्हणजे पत्रा आत सरकण्याचा वेग, मिनिटाला 6 मीटर, म्हणजे पत्रा सेकंदाला 100 मिलिमीटर सरकतो. तर मशीनमधलं काहीतरी सेकंदाला तीस वेळा ठोकतंय. बेल्टची लांबी 1900 मिलिमीटर, वेग सेकंदाला 19 मीटर. बेल्टची टोकं जिथे चिकटवलेली असतात तो जोड सेकंदात दहाच वेळा येतो, त्याची खूण दर 10 मिलिमीटरवर पडली असती, आणि जोड तिरका असल्यामुळे तीही किंचित तिरकी. रोलचा व्यास 200, परीघ साधारण 628. 19,000 भागिले 628: तीस. रोल!

हे गणित चार ओळींत लिहून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी माणूस हजर. बेल्ट काढून रोलवर डायल (बारीक उंचसखलपणा दाखवणारं काट्याचं मापक) लावला, हाताने फिरवला, आणि काटा एका जागी खाली बसला. वाहतुकीच्या वेळी रोलखाली लाकडी ठोकळा ठेवून हेड त्यावर टेकवलेलं होतं. आमच्याकडे येईपर्यंत तसंच राहिलं आणि मऊ रबर तिथे दबलं. सपाट फळीवर अपघर्षक कागद चिकटवून, बेल्टशिवाय, ती फळी रोलखालून अगदी हलके हलके अनेकदा काढली, रोल गोल झाला. अर्ध्या दिवसाचं काम. ‘असं होतं कधी कधी,’ तो म्हणाला. मी चहाही विचारला नाही.

मशीन पोचलं की ठोकळा त्याच दिवशी काढा. आणि मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर बेल्टचा ताण सोडून ठेवा.

आता आठवतंय तसं बाकीचं. तुकडे टेबलाच्या मधूनच घालत राहिलात तर बेल्ट मधे झिजतो आणि कडेला कोरा राहतो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून घाला. साध्या स्टीलवर चाललेला बेल्ट स्टेनलेसला लावू नका, लोखंडाचे कण आत बसतात आणि नंतर गंजाचे ठिपके उमटतात. पातळ पत्र्यावर एका फेरीत जास्त माल काढायचा मोह होतो. पत्रा तापून वाकतो, रंगही बदलतो. दोन फेऱ्या करा. बेल्ट खोक्यात दाबून ठेवू नका, जाड नळीवर टांगा, ओल लागू देऊ नका.

अ‍ॅल्युमिनियमचं विचारणारे बरेच. त्याची बारीक धूळ स्फोटक असते आणि स्टीलवरून उडणारी ठिणगी तिला पुरते, त्यामुळे एकाच कोरड्या डस्ट कलेक्टरमध्ये दोन्ही ओढणं म्हणजे स्वतःच काडी लावणं. त्यासाठी सहसा पाण्याचा कलेक्टर लावतात, आणि त्यातला गाळ साचू न देता काढावा लागतो, कारण ओल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाळातून हायड्रोजन सुटतो. आमचा कलेक्टर कोरडा आहे. अ‍ॅल्युमिनियम आम्ही अजून बाहेरूनच करून घेतो.