जागा कुठली मिळाली?

चर्चगेटहून सुटलेली स्लो लोकल वेग घेते न घेते तोच डाव्या हाताला वानखेडे येतं. आत मॅच असली की दारातल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. दिसत काहीच नाही. दिव्यांचा पांढरा झोत, छताची कड, बस. फोनवर स्कोअर असतो, तरी बघायचंच. आतून आवाज उठला की एकजण म्हणणार, "सिक्स असणार," दुसरा म्हणणार, "विकेट गेली वाटतं," आणि तेवढ्यात मरीन लाइन्स येतं.

शिकागोच्या रिग्ली फील्डवाल्यांनी असल्या माणसांची सोय करून ठेवली आहे. बेसबॉलचं हे मैदान 1914 सालचं, आणि तिथली लोकल त्याच्या शेजारून पुलावरून जाते. 1937 साली मैदानाच्या मागच्या टोकाला हातानं आकडे बदलायचा स्कोअरबोर्ड उभा राहिला. सामना संपला की त्याच्यावर झेंडा चढतो. पांढऱ्यावर निळा डब्ल्यू असला तर जिंकलो, निळ्यावर पांढरा एल असला तर हरलो. गाडीतल्याला तिकीट न काढता निकाल कळतो. स्कोअरबोर्ड आजही हातानंच चालतो.

मुंबईत बेसबॉल बघणारे मोजके. बॉस्टनचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, म्हणजे दूधवाल्याच्याही आधी उठायचं. पण मैदानात बसण्याचं सुख कशात असतं हे समजून घ्यायला हा खेळ फार चांगला, कारण त्यात बॅट्समन कोपऱ्यात उभा असतो.

सगळी मेख तिथंच आहे. क्रिकेटमध्ये खेळ मधोमध चालतो आणि आपण गोल करून लांब बसतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून कमीत कमी 65 यार्डांवर, म्हणजे 59 मीटरवर. पुढे दोरी, जाहिरातींचे बोर्ड, जाळी, आणि मग पहिली रांग. कितीही पैसे मोजा, बॅट्समन पन्नास मीटरच्या आत यायचा नाही. बेसबॉलमध्ये होम प्लेटपासून, म्हणजे बॅट्समन उभा असतो तिथून, मागच्या भिंतीपर्यंत 60 फूट, म्हणजे 18 मीटर, अंतर ठेवा असं नियमावली सुचवते. कित्येक मैदानांत ते त्याहूनही कमी आहे. तिथल्या पहिल्या रांगेतल्याला चेंडू कॅचरच्या, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरच्या, ग्लव्हमध्ये बसल्याचा चट्ट आवाज ऐकू येतो. अंपायरशी घातलेली हुज्जतही.

आता फाउल रेषेबाहेरची, म्हणजे खेळाची बाजूची हद्द आणि प्रेक्षक यांच्यामधली, जागा बघा. ती जितकी अरुंद, तितका प्रेक्षक जवळ. ओकलंडच्या जुन्या कोलिझियममध्ये हा पट्टा अवाढव्य होता, त्यामुळे तिकडे बसलेल्यांचं खेळाशी नातं दुरूनच राहिलं. जवळ बसण्याची किंमतही असते. फाउल झालेला चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वर अंगावर येऊ शकतो. लोक जखमी झाले, वाद झाले, आणि शेवटी 2020 च्या हंगामापर्यंत मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेच्या, तीसही मैदानांत संरक्षक जाळी खेळाडूंच्या बाकांच्याही पुढे नेली गेली. जाळीतून बघायची सवय व्हायला दोन इनिंग पुरतात. कुरकुर करणारे करोत.

दुसरी मजा म्हणजे एकाही मैदानाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. आतले माप ठरलेले: धावताना शिवायचे बेस एकमेकांपासून 90 फुटांवर, चेंडू टाकणारा पिचर होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. कुंपण मात्र ज्याचं त्यानं जागेप्रमाणे घालावं. बॉस्टनचं फेनवे पार्क 1912 सालचं. डाव्या बाजूला लॅन्सडाऊन स्ट्रीट असल्यानं मैदानाला तिकडे सरकायला जागाच नव्हती. रेषेवर अंतर जेमतेम 310 फूट भरतं, म्हणून तिथे 37 फूट 2 इंच उंचीची हिरवी भिंत आहे. इतर ठिकाणी सहज होमरन होणारा फटका इथे भिंतीवर आपटून खाली पडतो. चाळीत जोश्यांच्या खिडकीवर गेला की आऊट, हा नियम याच जातीचा. 2003 पासून त्या भिंतीच्या माथ्यावर खुर्च्या आहेत, आणि त्या सहजासहजी मिळत नाहीत.

आता उंची. लोक "वरचं तिकीट" म्हणून नाक मुरडतात, पण वर बसून चांगलं दिसणार की नाही ते पायरीच्या मापावर ठरतं. स्टेडियम बांधणाऱ्यांचा एक हिशेब असतो, सी-व्हॅल्यूचा. आपल्या डोळ्यापासून मैदानातल्या जवळच्या बिंदूपर्यंत रेषा काढायची, आणि ती पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते मोजायचं. 60 मिलिमीटर म्हणजे चालवून घ्यायचं, 90 म्हणजे चांगलं, टोप्या घालून येणारे असतील तर 120. समजा पायरीची खोली 80 सेंटिमीटर, डोळा मैदानापासून 10 मीटर वर आणि तो बिंदू 40 मीटर लांब. 90 मिलिमीटर हवे असतील तर त्याच्या मागची पायरी साधारण 29 सेंटिमीटर चढवावी लागते. तेच 16 मीटर उंचीवर आणि 50 मीटर अंतरावर गेलात की जवळजवळ 35 सेंटिमीटर. म्हणून वरचा मजला इतका उभा असतो. 34-35 अंशांच्या पुढे गेलं की लोकांचे पाय लटपटतात, तेव्हा त्याहून उभा करायची सोय नाही. पायऱ्यांत काटकसर केली की चौकार जाताना अख्खी रांग उभी राहते, मग मागची, मग तिच्या मागची. त्या गर्दीला आपण उत्साह म्हणतो. निम्मी चूक पायरीची असते.

अगदी पहिल्या रांगेचं फार कौतुक करू नये. तिथून मैदान सपाट दिसतं, चेंडू किती लांब पडला ते कळत नाही आणि एलईडी बोर्ड गुडघ्याच्या रेषेत येतो. पंधराव्या-विसाव्या रांगेत बसावं. बॉलरच्या मागे बसलात तर स्विंग आणि वळण दिसतं, बाजूला बसलात तर टप्पा आणि उसळी. दोन्ही एकदम हवं असेल तर घरी टीव्ही आहे.

ऊन बघायलाही विसरू नका. बेसबॉलच्या नियमावलीत होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असं म्हटलेलं आहे, म्हणजे संध्याकाळचं ऊन बॅट्समनच्या डोळ्यांत जात नाही. त्यामुळे होम प्लेटमागे आणि तिसऱ्या बेसकडे सावली आधी येते आणि दूर टोकाच्या स्वस्त बाकांवरचे लोक भाजून निघतात. क्रिकेटची खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण, त्यामुळे आपल्याकडे भाजतात ते पूर्वेचे. वानखेडेत रुळांच्या बाजूला बसलं की तोंड समुद्राकडे. एप्रिलमधली साडेतीनची आयपीएल मॅच असेल तर पाचनंतरचं तिरपं ऊन छताखालून सरळ डोळ्यांत येतं. छत डोक्यावरचं ऊन अडवतं, समोरचं नाही. टोपी न्या. पाण्याची बाटली, पॉवर बँक आणि सुट्टी नाणी गेटवर काढून घेतात, टोपी नाही.

एरवी वानखेडेच्या छताबद्दल तक्रार करायला जागा नाही. 2011 च्या वर्ल्ड कपआधी नूतनीकरण झालं तेव्हा नजरेच्या आड येणारे खांब गेले, छताला पंखे बसले, ते स्टँडमधली गरम हवा वर ओढून घेतात आणि पश्चिमेचा वारा आत येतो. पूर्वी पंचेचाळीस हजार माणसं मावायची, आता तेहेतीस हजारांच्या आसपास. तिकीट मिळेना झालं, पण ज्याला मिळालं त्याचे गुडघे सुटले. तसंही हे स्टेडियम जागांच्या भांडणातूनच जन्मलं. ब्रेबॉर्न 1937 पासून हाकेच्या अंतरावर होतंच. तिथल्या क्लबचं आणि मुंबईच्या असोसिएशनचं कुणाला किती तिकिटं यावरून फाटलं, आणि शेषराव वानखेडे यांनी सरळ दुसरं स्टेडियम उभं केलं. 1975 च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. मराठी माणूस तिकिटासाठी कुठवर जाऊ शकतो, याचं पक्क्या सिमेंटमधलं उदाहरण.

हेवा वाटावा अशी बेसबॉलची एक गोष्ट म्हणजे स्टँडमध्ये आलेला चेंडू घरी नेता येतो. पूर्वी तिथेही परत द्यावा लागे. 1921 साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर रूबेन बर्मन नावाच्या प्रेक्षकानं चेंडू परत न देता मागे भिरकावला, त्याला बाहेर काढलं, तो कोर्टात गेला आणि 100 डॉलर जिंकला. आपल्याकडे हे होणं नाही, आणि त्यात कंजुषी नाही. कसोटीत 80 षटकं तोच चेंडू झिजवायचा असतो, त्याची एक बाजू घासून चकचकीत ठेवायची असते. तो कुणाच्या शोकेसमध्ये गेला तर खेळच बदलेल. तिकडे जरा खरचटला की चेंडू बाद. तेव्हा आपण झेल घ्यायचा, टीव्हीवर दिसायचं आणि मुकाट्यानं आत फेकायचा.

आता आवाजाबद्दल. इथे माझं डोकं फिरतं. दोन चेंडूंच्या मधला वेळ हा मैदानाचा खरा ऐवज. फील्डर दोन पावलं डावीकडे सरकला, का सरकला, यावर शेजारच्या अनोळखी काकांशी वाद घालायचा तो याच वेळात. ती जागा आता डीजेनं घेतली आहे. षटक संपलं की गाणं, वाइड पडला की गाणं, टाइमआऊटच्या अडीच मिनिटांत तर विचारूच नका. काका काहीतरी बोलतात, ओठ हलताना दिसतात. बेसबॉलवाले याबाबतीत साधू आहेत असं नाही, तिथेही स्पीकर फुटेस्तोवर वाजतात. पण रिग्लीवर 1941 साली पहिल्यांदा ऑर्गन वाजला, तो आजही वाजतो, आणि ऑर्गन वाजवणारा खेळ बघत वाजवतो. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून आळस देतं आणि एक जुनं गाणं म्हणतं. बाकांवर दोन तास बसल्यावर पाठीला तेच हवं असतं.

रिकाम्या वेळात स्कोअर लिहिणारे तिथे अजून आहेत. प्रत्येक जागेला आकडा: पिचर 1, कॅचर 2, शॉर्टस्टॉप 6. 6-4-3 लिहिलं की अख्खा डबल प्ले, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे आऊट, कागदावर. स्ट्राइकआऊटला, म्हणजे बॅट्समन तीन स्ट्राइकवर बाद झाला तर, के, आणि बॅट न फिरवता बघत राहिला तर उलटा के. आपलं लिखाणही कमी देखणं नाही. मेडन षटकाचे सहा ठिपके जोडून एम काढायचा, त्यात विकेट असली तर डब्ल्यू. आझाद मैदानावर टेबल टाकून बसलेला स्कोअरर तो एम इतक्या प्रेमानं काढतो की बॉलरनं येऊन बघावा. वानखेडेत पेन्सिल नेता येते का, हे गेटवरच्या हवालदाराच्या मूडवर.

राहता राहिलं बाहेर पडणं, आणि इथे थट्टा नको. ब्रिटनमधल्या स्टेडियम-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेचा हिशेब असा: एक मीटर रुंद सपाट वाटेनं मिनिटाला 82 माणसं जातात, जिन्यावरून 66, आणि स्टँड साधारण आठ मिनिटांत रिकामा व्हावा. म्हणजे जिन्याच्या एका मीटरमागे 528 माणसं. तेहेतीस हजारांसाठी साडेबासष्ट मीटर रुंदीचे जिने, सगळे मोकळे, सगळ्या गेटांची दोन्ही दारं उघडी. 4 जून 2025 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांबाहेर अकरा माणसं चेंगरून मेली, आणि ती आत मॅच बघायला नाही, जिंकलेला संघ बघायला आली होती. पुढच्या वेळी खुर्चीवर बसण्याआधी आपल्या स्टँडचा जिना कुठे उतरतो ते बघून ठेवा. गेटचं एकच दार उघडलेलं दिसलं तर तिथल्या माणसाला दुसरंही उघडायला सांगा. कटकट केली म्हणेल. म्हणू दे.