कितला मार्क पडनात

काल अण्णांनी विचारलं, "कितला मार्क पडनात वं?" आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला जी एनक्लेक्स परीक्षा लागते, तिच्यात नापास झाले ते दोन दिवसांनी क्विक रिझल्टला, म्हणजे निकाल लवकर बघायला, पैसे भरले तेव्हाच कळलं होतं. रडून झालं, जिजीला सांगून झालं, वॉर्डातल्या सगळ्यांना कळूनही झालं. ते सगळं सहन केलं. पण काल बोर्डाचा रिपोर्ट आला, तो झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणला आणि अण्णांनी चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. आठ विषय, आठ ओळी. प्रत्येकीपुढे फक्त एवढंच, की पासिंगच्या रेषेच्या वर, जवळ किंवा खाली. आकडा कुठेच नाही. अण्णांनी कागद उलटा करून मागचीपण बाजू बघितली. मग म्हणाले, "मंग कितला कमी पडनात?"

काय सांगू? एनक्लेक्सला मार्क नसतातच. बारावीला, बीएस्सीला प्रत्येक पेपरला मार्क होते, कमी पडले तरी किती ते कळायचं, त्यावर रडता तरी यायचं. इथे नुसतं पास नाहीतर फेल. इतक्या रात्री जागून, नाईट ड्युटी करून सकाळी न झोपता प्रश्न सोडवून शेवटी हातात काय, तर "जवळ". जवळ म्हणजे किती जवळ? एका प्रश्नाने गेलं की वीस प्रश्नांनी? हे कोणी सांगणारच नाही का मला?

रात्री झोप लागली नाही म्हणून परत सगळं वाचत बसले. कॉम्प्युटर प्रत्येकाला वेगळे प्रश्न देतो, बरोबर आलं की पुढचा अवघड, चुकलं की थोडा सोपा, म्हणजे जवळपास प्रत्येकाचे निम्मेच बरोबर येतात, पास होणाऱ्याचेपण. मग बरोबर किती आले हे मोजून उपयोग काय. तो बघतो की किती अवघड प्रश्नांपर्यंत तुम्ही टिकता. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. 85 नंतर ज्या क्षणी त्याला 95 टक्के खात्री पटते की ही रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, तिथे तो बंद पडतो.

माझा बंदच पडला नाही. 150 पर्यंत गेला. मुंबईच्या त्या सेंटरवर एसीत बोटं गार पडली होती आणि प्रत्येक प्रश्नाला वाटायचं आता थांबेल, आता थांबेल. तेव्हा त्याचा राग आला होता. काल रात्री वाटलं, अरे, म्हणजे शेवटपर्यंत त्याला माझ्याबद्दल ठरवताच आलं नाही! बीपी 180 आलं तर आपण लगेच डॉक्टरांना फोन करतो, बॉर्डरवर असलं की थांबून परत घेतो, परत घेतो. तसंच झालं माझं. मी बॉर्डरवर होते. हे कळून आधी जास्तच लागलं, खरं सांगते, इतक्या जवळून गेलं म्हणून. मग हळूहळू बरं वाटायला लागलं.

औषधांत मी वर आहे. सहा ओळींत जवळ. खाली फक्त मॅनेजमेंट ऑफ केअरमध्ये आणि त्याचाच वाटा सगळ्यात मोठा. आरएनने, म्हणजे रजिस्टर्ड नर्सने, कोणतं काम एलपीएनला, म्हणजे तिच्या हाताखालच्या नर्सला द्यायचं, कोणतं असिस्टंटला, चार पेशंटमधल्या कोणाकडे आधी जायचं. आमच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी, स्पंजिंग करायचं, भरवायचं, कूस बदलायची ते नातेवाईकच करतात, सलाईन संपत आलं की हाक मारायलाही तेच धावत येतात. तिथे काम वाटून कोणाला देणार? मी पुस्तकातून शिकले होते ते, हातातून नाही. हे मला आधीच कुणीतरी... जाऊ दे.

अण्णांना मी हे कसं सांगणार माहीत नाही. केळीचा भाव एका आकड्यात कळतो त्यांना, पोरीचंही तसंच कळावं एवढंच त्यांना हवं आहे आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सकाळी म्हटलं, अण्णा, आठमधल्या एकाच विषयात खाली आहे. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या विषयनी शिकवणी नही का कोठे?"

45 दिवसांनी परत देता येते. असेसमेंट, टीचिंग, औषधाचा परिणाम बघणं हे आरएनने स्वतःकडे ठेवायचं, ठरलेलं साधं काम असिस्टंटला द्यायचं, आणि ज्याची तब्येत डगमगते तो पेशंट कोणाला द्यायचाच नाही. आजपासून रोज तेवढेच प्रश्न. फीचे 200 डॉलर आणि भारतातून देतो म्हणून वरचे 150, त्याचं अण्णांशी अजून बोलले नाहीये. पगार झाला की बोलेन.