एपिड्युरल चालू असताना अचानक सिझर ठरलं – माझा अनुभव

पहिलं बाळंतपण, वय २९, आणि एपिड्युरल (कळा दुखू नयेत म्हणून कमरेत बारीक नळी घालून देतात ती भूल) घ्यायचं हे सातव्या महिन्यातच ठरवलेलं. आईचा विरोध होता, कंबर कायमची धरते म्हणून, पण भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं की सुई टोचली तिथे चार दिवस दुखेल, जन्माची कंबरदुखी त्याने होत नाही.

रात्री ११ ला पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं होतं तेव्हा कमरेत नळी घातली. मांज्यापेक्षा जराशी जाड असेल, पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीने चिकटवलेली. अर्ध्या तासाने कळ आलेली फक्त मशीनच्या कागदावर दिसत होती, मला चक्क झोप लागली.

अडीचच्या सुमाराला डाव्या जांघेत कळ लागायला लागली, पंजाएवढ्याच जागेत, उजवीकडे काहीच नाही. मला वाटलं एवढं तर सोसायलाच हवं, रात्रीचं कुणाला कशाला उठवायचं, आणि तासभर गप्प पडून राहिले. मग सिस्टरना सांगितलं. मॅडम आल्या, नळी एक सेंटिमीटर बाहेर ओढली, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि औषध दिलं, २० मिनिटांत डावी बाजूपण शांत. जाताना म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. सिझरची वेळ आली तर याच नळीतून भूल वाढवायची असते, आणि कळांना अर्धवट चालणारी नळी ऑपरेशनला दगा देते."

आणि वेळ आलीच. पावणेसहाला बाळाचे ठोके ८० पर्यंत घसरले आणि वर यायलाच तयार नाहीत. कूस बदलली, ऑक्सिजन लावला, सलाईन जोरात सोडलं, तरी तेच. डॉक्टर म्हणाल्या आता थांबायचं नाही. नवरा सही करत होता, त्याचा हात कापत होता, आणि इकडे मॅडमनी लेबर रूममध्येच नळीतून पहिला डोस सोडला. नंतर विचारलं तेव्हा कळलं की ते २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) होतं, त्यात अ‍ॅड्रेनालिन आणि लवकर चढावं म्हणून सोडाबायकार्ब, सगळं मिळून १८ मिली, थोडं थोडं करून. कळांचं औषध पातळ असतं, त्यावर पोट कापता येत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवली. मॅडम स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावायच्या, मग पोटावरून वर वर आणायच्या, "इथे खांद्यासारखं गार लागतंय?" बेंबीला नाही, बरगड्यांना नाही, छातीपर्यंत नाही. दोन्ही बाजूंनी बघितलं, डावी बाजू दोनदा. मी विचारलं, दुखलं तर? त्या म्हणाल्या, "हात लागलेला कळेल, ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही. दुखलं तर लगेच बोला, मी पूर्ण भूल देईन, सोसायचं अजिबात नाही." त्या वाक्याचा मला केवढा आधार वाटला ते लिहून कळणार नाही.

मध्येच बीपी उतरलं, मळमळायला लागलं, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मिनिटभरात बरं वाटलं. दातावर दात आपटतील एवढी थंडी मात्र भरली, ती बराच वेळ गेली नाही. पोटात कुणीतरी दप्तरात हात घालून काहीतरी शोधतंय असं वाटत होतं, बरगड्यांखाली जोरात दाब आला, आणि ६ वाजून ९ मिनिटांनी रडणं ऐकू आलं. मानेला नाळेचे दोन वेढे होते. मॅडमनी लेकीचा गाल माझ्या गालाला लावला, ओला आणि गरम.

शेवटी नळीतून मॉर्फिन दिलं होतं, त्याने दिवसभर नाक खाजलं आणि सिस्टर दर तासाला श्वास मोजून जायच्या, पण टाके असे दुखलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नळी काढली, टोक शाबूत आहे ना ते उजेडात धरून बघितलं आणि फाईलवर वेळ लिहिली. लेक तेव्हा माझ्या कुशीत झोपली होती.