उजवा, डावा आणि काकीची सही

"तुम्ही कौल लावत नाही, मग ठरवता कसं?" फोंड्यात जत्रांचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे भांडायला आलेले नसतात. कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग विकणं, पोरीचं लग्न, आईचं ऑपरेशन असल्या गोष्टी देवाला न विचारता माणूस कसा निभावतो, हे त्यांना खरोखरच कळत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

गोव्याबाहेरच्यांना माहीत नसेल. आमच्याकडे बऱ्याच देवळांत भट मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या लावतो आणि यजमानाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. मग सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. याला कोणी कौल म्हणतं, कोणी प्रसाद. पाकळी का पडते याचा वाद मी कधी घातला नाही. ओली पाकळी कधीतरी पडणारच. मला लहानपणापासून कुतूहल गाऱ्हाण्याचं. आदल्या रात्री घरातले पुरुष ओसरीवर बसून 'कसं घालायचं' ते ठरवायचे. माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागलेला असायचा.

आमच्या एका काकांनी कुळागर विकायला काढलं, तेव्हा देवाला विचारलं ते असं: या गिऱ्हाइकाला द्यावं की त्या? विकावं की नाही, हे कोणी विचारलंच नाही. उजवा मिळाला, सौदा ठरला, विसारही घेतला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की काकीची सही लागते. आमच्याकडे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. पोर्तुगालच्या 1867 च्या नागरी कायद्यातून आलेली ही तरतूद. काकी सही करीना. सगळे तिच्या मागे लागले, "देवान उजवो दिला न्ही?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवान दिला जातलो. हांवें खंय दिला?" देवाने दिला असेल, मी कुठे दिला?

काका महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. विसार परत करावा लागला. तेव्हापासून कोणी कसलाही निर्णय पुढे केला की मी आधी पाहते, प्रश्न कोणी घातला आणि कोणाला न विचारता घातला. माझी पद्धत म्हणाल तर एवढीच. बाकी जमिनीचा एक-चौदाचा उतारा बघायचा, डॉक्टर दोन गाठायचे आणि ज्याला आपलं म्हणणं पटत नाही अशा माणसाशी आधी बोलायचं. चुकत नाही असं नाही. पण मग खापर फोडायला पाकळी हाताशी नसते.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. पर्यटक त्याला घाबरून फोटो काढतात. कांदोळीत जन्मलेल्या या पाद्र्याने पॅरिसात संमोहनाचे प्रयोग केले आणि सांगितलं की झोपवणाऱ्याच्या अंगी कसलीही चुंबकशक्ती नसते. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात. ही गोष्ट 1819 च्या आधीची. आमच्या मुलांना शाळेत पुतळा दाखवतात, हे मात्र सांगत नाहीत.

खरं तर मला देवापेक्षा वारशाने आलेल्या मतांचा जाच जास्त झाला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात (बघा, इथेही कौलच) आमच्या घराने फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत दिलं. दोन पानं, म्हणजे वेगळं राहण्याची बाजू, जिंकली, 34,021 मतांनी. आजोबांना ती हार शेवटपर्यंत सलत राहिली. मी मराठीत लिहिते, मराठीतच हिशेब मांडते, आणि तरी गोवा वेगळा राहिला ते बरं झालं असं मला वाटतं. हे बोलले की मराठीवाले म्हणतात घात केलास, आणि कोंकणीवाले म्हणतात मग मराठीत का लिहितेस? एक मत घेतलं की त्यासोबतची उरलेली पाचही घ्यावीत, अशी दोन्हीकडची अपेक्षा.

अशा वेळी मला साखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवतात. घरदार सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश हिंडून बौद्ध झालेला माणूस. पण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा त्यांनी स्वीकारली नाही. पाली ग्रंथ चाळून त्यांनी दाखवलं की ती मुळात विपस्सी नावाच्या आधीच्या बुद्धाची. शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता आणि शस्त्र उचलायचं नव्हतं म्हणून गौतम निघाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे डॉ. आंबेडकरांनीही बुद्धचरित्रात हाच तंटा कारण म्हणून घेतला. कोसंब्यांचे चिरंजीव दामोदर मार्क्सवादी, पण युरोपातल्या इतिहासाचे टप्पे भारतावर जसेच्या तसे बसवायला तयार नव्हते. पक्षाच्या छापील मार्क्सवाद्यांना ते 'ओएम', म्हणजे 'ऑफिशियल मार्क्सिस्ट', म्हणून चिमटे काढत. बापाने बुद्ध सोडला नाही, मुलाने मार्क्स. मला तर ज्यांनी सगळंच सोडलं त्यांच्यापेक्षा हे दोघे जास्त धीट वाटतात.

तुमचा पुढचा प्रश्नही ठाऊक आहे: मुलीला काय शिकवलंत? ती कौल लावते. गेल्या वर्षी बंगळूरला नोकरी लागली, तेव्हा म्हणाली, आई, देवळात सोड. मी स्कूटरवरून सोडलं. गाऱ्हाणं तिने भटाला स्वतः सांगितलं, काका-मामा कोणी सोबत नव्हते. उजवा मिळाला. बसचं तिकीट तिने दोन दिवस आधीच काढलं होतं.