मशीन त्यानं घेतलं

आज धाकट्यानं माझं मशीन, झाडं पाडायची चेन सॉ, स्वतःच घेतलं. मागितलं नाही, बोलला नाही. पुढची खाच, म्हणजे झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूची, मी काढली होती. मागचा काप घेण्याआधी हातमोजा काढून बोटं चोळत होतो, तेवढ्यात त्यानं मशीन उचललं आणि बुंध्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

म्हणजे त्यानं पाहिलं. डाव्या हाताची दोन बोटं पेरांपर्यंत पांढरीफटक पडतात, गार सकाळी जास्तच.

झाड अगदी नीट पडलं. अर्ध्या मीटरचा बुंधा, त्याला पाच सेंटिमीटरची बिजागरी, म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्यामधली न कापलेली पट्टी, राखायची, तेवढीच त्यानं राखली. मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

यंत्राच्या कंपानं होणारा हा आजार माझ्या एकट्याचा नाही, हे मला ठाऊक आहे. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बेडफर्डच्या चुनखडी फोडणाऱ्या कामगारांच्या हातांत हेच पाहिलं होतं, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांमुळे झालेलं. चेन सॉ सर्रास झाल्यावर ते आमच्या हातांत आलं. मग रबरावर तोललेल्या मुठी आल्या, युरोपात २००२ पासून दिवसभरात हातानं किती कंप सोसायचा त्याची मर्यादाही ठरली. पण मर्यादा तासांवर बेतलेली आणि आमचा पैसा पाडलेल्या लाकडाच्या घनमीटरवर. आठ तासांतले किती तास मुठीवर गेले ते कोण लिहून ठेवतं? धार लावण्याचे, शेंडा निरखण्याचे, झाड पडताना मागे सरायची पळवाट साफ करण्याचे पैसे कुणी देत नाही. हात थांबला की कमाई थांबली. याचा मला आज फार राग आला.

आणि लगेच लाजही वाटली. अमेरिकेतल्या २०२२ च्या नोंदींत लाकूडतोडीत लाख कामगारांमागे सुमारे शंभर मृत्यू आहेत; सगळ्या कामगारांचा आकडा चारच्याही आत. वरून सुटलेल्या वाळक्या फांदीखाली गेलेल्यांपुढे दोन बोटांचं काय मांडायचं?

तरी मन बोटांवरच येतं. पांढरेपणा ऊब मिळाली की उतरतो. भीती बधिरपणाची आहे. कंपापासून लांब राहिलं तर पांढरेपणा कमी होऊ शकतो, मुरलेला बधिरपणा मात्र परत जाईलच असं नाही. आणि हात बधिर झाला तर मला झाड कळणार कसं? मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर, कान झाकलेले. काप मिटू लागला, पात्याला चिमटा बसतोय, हे डोळ्यांआधी तळव्याला कळतं. खोड आतून पोकळ असेल तर साखळी एकदम हलकी चालते, तेही तिथंच कळतं. इतक्या वर्षांत मी जे काही शिकलो ते या तळव्यात आहे. ते धाकट्याला कसं देणार...

बायकोला अजून सांगितलेलं नाही. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, ते तिनं पाहिलं असेलच.

संध्याकाळी साखळीला धार लावली. दात बोथट असले की कापातून पिठासारखा भुसा पडतो आणि मशीन हातात जास्त थरथरतं. धारेला असलं की जाडसर कपचे उडतात. कानस दाताच्या कोनात धरली, हात उबदार होते, प्रत्येक दात नीट लागला. धाकट्याला ही धार अजून साधत नाही, त्याचा डावीकडचा दात नेहमी आखूड होतो आणि काप वाकडा जातो. मग वाटलं, झाडाचा कल ओळखणं, वर अडकलेली फांदी हेरणं, पाचर कधी ठोकायची ते सांगणं, धार, हे सगळं माझ्याकडे राहू दे. मागचा काप त्याचा. असं वाटून बरं वाटलं, हे खरं.

डॉक्टरांना दाखवायचं आहे, ते टाळणार नाही.

पण उद्या त्याच्याशी बोलायचं आहेच. मशीन घे, माझी ना नाही. फक्त न बोलता घ्यायचं नाही. मी कुठे उभा आहे, कोणत्या बाजूनं निघणार, हे एकमेकांना सांगितल्याशिवाय मागचा काप सुरू होता कामा नये. आज तो बुंध्यामागे गेला तेव्हा मी अजून खाचेच्या बाजूलाच होतो. मला पाहिल्यावरच त्यानं साखळी लावली, तरीही हे बोलायला हवं.