तुम्ही विचारलंत म्हणून : बंदूक कोणती चांगली?

"ताई, बंदूक घ्यायची म्हणतोय. कोणती चांगली?" हे मला नेमबाजीच्या रेंजवर जितके लोक विचारतात, तितकेच लग्नाच्या पंगतीत आणि निफाडला नातेवाइकांच्या बागेतही विचारतात. विचारणारे साधारण तीन तऱ्हेचे. मुलाला किंवा मुलीला नेमबाजीत घालायचं ठरवलेले आईबाप हे पहिले. पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्यांची संख्या फार वाढली. 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूरकडचा, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने नाशिकात गिरवले, हे इथे सगळ्यांना ठाऊक झालंय. दुसरे शेतकरी, ज्यांच्या उसात बिबट्या शिरलाय. आणि तिसरे, ज्यांच्या घरी आजोबांची बंदूक कपाटात पडून आहे.

तिघांनाही मी एकच सांगते. बंदुकीची ताकद सगळ्यात शेवटी विचारा. आधी बघा, तिला कुठलं काडतूस चालतं आणि ते तुम्हाला मिळणार का, ती तुमच्या अंगाला बसते का, आणि उडवून झाल्यावर तिची निगा राखायला तुमच्याकडे वेळ आहे का. या तीन गोष्टी जुळल्या की ती बंदूक चांगली.

शेतकऱ्यांचं आधी बोलते, कारण ते उत्तर सरळ आहे. बिबट्यासाठी बंदूक घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची शिक्षा 3 ते 7 वर्षांची कैद, वर दंड. रानडुक्कर किंवा रोही पिकात येत असतील तर वन खात्याकडे लेखी अर्ज करायचा, त्यांच्या परवानगीशिवाय घोड्याला हात लावायचा नाही. शिकार म्हणून आपल्याकडे आता काहीही उरलेलं नाही, आणि ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय आपल्या भागात चहूकडे मजूर, वस्त्या, दगडगोटे. साधी .22 ची (0.22 इंच व्यासाची) गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावर आपटली तर कुठे वळेल हे कुणी सांगू शकत नाही. बिबट्या दिसला तर वन खात्याला फोन करा, रात्री मोटार चालू करायला एकटं जाऊ नका, पोरांना संध्याकाळनंतर उसाकडे सोडू नका.

आता नेमबाजी. माझ्याकडे तीन हत्यारं आहेत : 10 मीटरची एअर रायफल (दाबलेल्या हवेवर छर्रे मारणारी), .22 ची मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल आणि आजोबांकडून वारसाने आलेली बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची, छर्ऱ्यांच्या काडतुसाची बंदूक). शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. एअर रायफल त्यात धरली जात नाही, कारण 4.5 मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. विकत घेताना दुकानदाराला ओळखपत्र मात्र द्यावं लागतं.

पहिलं हत्यार कुठलं, असं आईबाप विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं : एअर रायफल किंवा एअर पिस्तूल, आणि तेही लगेच विकत नाही. आधी क्लबच्या रायफलवर सहा महिने सराव होऊ द्या. मुलांची उंची वाढते, खांदे भरतात, हात लांब होतात. आज बसणारा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) वर्षभराने आखूड पडतो. स्पर्धेच्या रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असतं. बारा वर्षांच्या पोरीने ती उभ्याने तोलायची तर आधी पाठ आणि पोट तयार व्हायला हवं, नाहीतर कंबर कायमची धरते. पिस्तूल दीड किलोच्या आतलं असतं, पण ते सगळं वजन एका हातावर. काही मुलांना ते जमतं, काहींचं मनगट थरथरत राहतं. रेंजवर चार महिने काढले की हे आपोआप कळतं. शेजाऱ्याच्या मुलाने कुठली घेतली यावरून अजिबात ठरवू नका.

जर्मन, ऑस्ट्रियन किंवा इटालियन मॅच रायफल लाखांत जाते. ती देशी रायफलपेक्षा चांगली आहे का? आहे. चाप काच तुटावी तसा एकदम, स्वच्छ सुटतो, दस्ता, गालपट्टी आणि पाठीचा भाग मिलिमीटरने हलवता येतो, आणि नळी एकाच भोकात छर्रे टाकत राहते. पण 10 मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ज्याचा श्वास आणि चाप अजून एकत्र आलेला नाही, त्याच्या हातात महागडी नळीसुद्धा आठ-नऊच्या कड्यांतच फिरते. मुलगा राज्य पातळीवर पात्र ठरेपर्यंत बऱ्यापैकी देशी रायफल पुरते. उरलेले पैसे छर्ऱ्यांवर, जॅकेटवर आणि प्रशिक्षकाच्या फीवर खर्च करा.

छर्ऱ्यांचं मात्र ऐका. एकाच कंपनीचे डबे 4.49, 4.50 अशा वेगवेगळ्या मापाच्या डोक्यांचे येतात. प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच माप मानवतं. रायफल शिकंज्यात धरून प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच कागदावर मारायचे आणि कुठल्या मापाचं भोक सगळ्यात लहान पडतं ते बघायचं. पन्नास हजारांची नवी रायफल घेऊन जे मिळत नाही, ते कितीदा तरी या एका संध्याकाळच्या कामात मिळतं. .22 लाही हेच लागू. तिथे तर काडतुसांचा प्रत्येक लॉट (एकदम बनवलेली खेप) वेगळा वागतो. त्यामुळे मोठे नेमबाज नळी घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रावर जातात आणि जुळलेला लॉट एकदम उचलतात.

.22 कडे वळायचं ते एअर रायफलवर घट्ट पाय रोवल्यावर. 50 मीटरवर दहाचं कडं 10.4 मिलिमीटरचं. आकड्याने मोठं वाटतं, पण तिथे वारा आहे. गंगापूरच्या बाजूने दुपारी सुटणारा वारा गोळीला सहज आठच्या कड्यात ढकलतो. मॅचचं .22 काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत, सेकंदाला सुमारे 330 मीटर ठेवलेलं असतं, म्हणजे वाटेत ध्वनीची भिंत ओलांडताना गोळी डगमगत नाही. म्हणून जास्त वेगाचं काडतूस मागणाऱ्याला मी थांबवते. रिकाम्या .22 चा चापही ओढू नका. फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) थेट चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाच्या, काठावर आपटते आणि तिथे खाच पडते. कोरडा सराव करायचा तर डमी काडतूस घाला, किंवा एअर रायफलची ड्राय फायरची (छर्र्याविना चाप ओढायची) सोय वापरा.

निगा. तिन्ही हत्यारांची निगा तीन तऱ्हेची, आणि लोकांचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं, कारण ते तिन्हींना एकच बाटली आणि एकच चिंधी लावतात.

एअर रायफलच्या नळीत दारू जळतच नाही, त्यामुळे तिथे ब्रश घालायचा नाही. फेल्टचे दोन-तीन गोळे मारले की शिसं निघून येतं. तेल तर नळीत आणि हवेच्या वाटेत अजिबात नको. दाबाखालची हवा आणि खनिज तेल एकत्र आलं तर आत पेट घेऊ शकतं, सील जळतात. हवेची टाकी 200 बारपर्यंत भरलेली असते आणि तिच्यावर तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली की ती टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि घरीही वापरू नये. जुनी रायफल घेताना आधी ती तारीख वाचा, नवी टाकी स्वस्त येत नाही.

.22 ला हात राखून साफ करावं लागतं. तिच्या गोळीवर मेणाचा हात असतो. तो नळीत एकसारखा बसला की ग्रुपिंग जमतं, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पडतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लख्ख केली, तर सकाळचे पहिले काही शॉट वाटेल तिथे जातात. म्हणून मी सरावानंतर दोन-तीन चिंध्या फिरवते, एवढंच. पण चेंबरच्या पुढे काजळीचं कडक कडं जमतं, ते थोड्या-थोड्या दिवसांनी ब्राँझच्या ब्रशने काढावंच लागतं. साफसफाईचा गज नेहमी मागून, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) काढून, गाइडमधून (गज सरळ ठेवणाऱ्या नळीतून) घालायचा. तोंडाकडून घातला तर नळीच्या शेवटच्या कडेला घासतो, आणि गोळी बाहेर पडताना सगळ्यात शेवटी तिथेच टेकते. ती कड गेली की रायफल गेली.

दुनळीचं उलट आहे. उडवली की त्याच संध्याकाळी साफ, सबब नाही. नळ्या उतरवायच्या, ब्रश, मग चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत, मग तेलाचा अगदी पातळ हात. प्रकाशाकडे धरून आतून बघायचं. नळीत दिसणारी गोल वलयं एका केंद्रावर, शांत पाण्यातल्या लाटांसारखी दिसली पाहिजेत. वलय एका बाजूला चेपलेलं दिसलं तर तिथे पोचा आहे. अक्रोडाच्या दस्त्याला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने चोळायचे. माझे आजोबा हे दर दिवाळीआधी करायचे, आणि तो दस्ता अजून मधासारख्या रंगाचा आहे.

आपल्या जून ते सप्टेंबरात हत्यार कातडी केसात किंवा कापडी पिशवीत ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि पोलादाला देतं. कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर कोरड्या करायच्या. थंडीत वेगळी काळजी. निफाडच्या गारठ्यातून बंदूक ऊबदार खोलीत आणली की पोलादावर दव धरतं. ती अर्धा तास केसमध्येच राहू द्या, मग उघडा, पुसा. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करावं लागलं तर देण्याआधी आतून-बाहेरून तेलाचा दाट हात द्या आणि पावती नीट ठेवा. नोंदणीकृत नेमबाजांना यात सूट मिळते, तीही वेळेवर अर्ज करून.

सरावाहून आल्यावर मुलांनी काही खाण्याआधी साबणाने आणि थंड पाण्याने हात धुतलेच पाहिजेत. छर्ऱ्यांचं शिसं बोटांना लागतं. तोंडात छर्रे धरून भरण्याची सवय मी लहान मुलांत पाहिली आहे आणि ती जागीच थांबवते. घरात बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, आणि किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे. कपाटातून काढलेली प्रत्येक बंदूक आधी उघडून, चेंबर बोटाने चाचपून बघायची, ती रिकामी असल्याची दहा जणांनी खात्री दिली तरी.

आता आजोबांची बंदूक. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून, बागायतदारांच्या घरांतून इंग्रजी दुनळ्या बऱ्याच आहेत. ऐंशीच्या दशकात सामान्य माणसासाठी आयात बंद झाल्यापासून त्यांची किंमत चढलेली आहे. वारसाने परवाना मिळतो, शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पण परवाना हातात आला म्हणून लगेच काडतूस भरू नका. नळ्या उतरवा आणि त्यांच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे भिंगाने वाचा. एनपी हा ठसा असेल तर ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे. तो नसेल, किंवा नळ्यांवर लाकडाच्या रेघांसारखी दमास्कस नक्षी असेल, तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली समजा आणि आजचं काडतूस तिच्यात घालू नका.

दुसरं, चेंबरची लांबी. अनेक जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटर काडतुसाच्या. 70 मिलिमीटरचं काडतूस त्यांच्यात विनासायास आत बसतं, आणि धोका तिथेच आहे. काडतुसावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या नळकांड्याची असते. बार उडाला की दुमडलेलं तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात शिरतं, वाट आवळते आणि दाब चढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसाच्या डब्यावरही लांबी लिहिलेली असते, ती वाचून आणि चेंबरशी ताडून मगच घ्या.

बहुतेक दुनळ्यांची उजवी नळी मोकळी आणि डावी तोंडाशी आवळलेली असते. 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात मोकळ्या नळीचे साधारण 40 टक्के छर्रे पडतात, पूर्ण आवळलेलीचे 70 टक्के. क्ले पिजनसाठी (हवेत उडवलेल्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी) घ्यायची असेल तर हे रेंजवर कागदावर मारून बघा. स्पर्धेत 24 ग्रॅमपर्यंतचाच छर्ऱ्यांचा भार चालतो, आणि जुन्या सांध्यांना तो हलका भार सोसतो.

सांधा तपासायचा तर रिकामी बंदूक बंद करा, पुढचं लाकूड काढा, दस्ता धरून हळूच हलवा. नळ्या आणि डबीच्या (नळ्या ज्यात अडकतात त्या मधल्या भागाच्या) मध्ये किंचितही खुटखुट जाणवली तर ती आधी परवानाधारक कारागिराकडे न्या. मग मला विचारा तिची किंमत काय ते.